माझा अशील, माझा मित्र आणि बंद दार

बंद दारामागे चाललेल्या कुठल्याही कामावर माझा विश्वास नाही. हा माझ्या धंद्याचा गुण म्हणा, नाहीतर खोड म्हणा. जळगावात फौजदारी वकिली करता करता केस पिकले, आणि एवढ्या काळात मला एक गोष्ट मनापासून पटली. माणसावर आरोप करायचा तर चारचौघांत करावा, त्याचं नाव घेऊन करावा आणि आपलंही नाव सांगावं. घरचे म्हणतात, मी दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेते. घेते. पाणी घालतो तो.

म्हणून त्या दुपारी माझा जुना मित्र ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्यावर तक्रार झालीय, पण कुणी केली ते मला सांगणार नाहीत," तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारलं.

हा मित्र कॅथलिक धर्मगुरू. धुळ्याच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही एका वर्गात होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेला, कमी बोलणारा आणि माझ्या नोट्स हक्कानं उतरवून घेणारा. वर्ष संपता संपता म्हणाला, मला वकील व्हायचं नाही, फादर व्हायचंय. आणि गेला. परीक्षेला घाबरून पळाला, असा मला तेव्हा दाट संशय होता. पुढे तो यावलकडे, डोंगराखालच्या एका चर्चमध्ये नेमला गेला. माझं माहेर त्याच बाजूला, त्यामुळे गाठीभेटी होत राहिल्या.

तक्रार साधी नव्हती. कॅथलिक माणूस आपलं पाप फादरला एकट्याला सांगतो. फादर त्याला प्रायश्चित्त देतो आणि ऐकलेलं मरेपर्यंत कुणाला सांगत नाही. सांगितलं, तर चर्चच्या कायद्यात त्याच्यासाठी याहून मोठे गुन्हे फारसे नाहीत. माझ्या मित्रानं तेच केलं, असा आरोप होता. सिद्ध झालं असतं तर त्याचं फादरपण गेलं असतं, आणि त्याखेरीज त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. घर नाही, संसार नाही, शेत भावांच्या नावावर.

"कुणाचं पाप तू सांगितलंस म्हणतात?"

"ते मी बोलू शकत नाही. कुणी मला काही सांगितलं की नाही, हेसुद्धा बोलू शकत नाही."

"बचावासाठीही नाही?"

"बचावासाठीही नाही."

"मग करणार काय तू तिथे जाऊन?"

"बसणार," तो म्हणाला.

चौकशी संपेपर्यंत त्यानं धुळ्यातल्या एका धर्मगृहात राहायचं, लोकांसमोर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायची नाही, कुणाचं पाप ऐकायचं नाही, असा बिशपांचा हुकूम होता. मी भडकले. आमच्याकडे गळ्यातली पोत ओढणाऱ्यालासुद्धा आरोपपत्राची नक्कल फुकट मिळते. साक्षीदार कोण ते कळतं, त्यांना प्रश्न विचारता येतात, वकील परवडत नसेल तर सरकार देतं. आणि या माणसाला आपल्यावर बोट कुणाचं आहे तेही कळू द्यायचं नाही! त्यानं समजावलं की तक्रार या जातीची असली तर तक्रारदाराच्या संमतीशिवाय त्याचं नाव आरोपीला सांगायला मनाईच आहे. मी म्हणाले, अशी मनाई फक्त ज्याला काही लपवायचंय तोच घालतो. 

आता खरी अडचण सांगते. कुणाच्या पापाचा हा मामला आहे, याचा अंदाज मला होता. कारण तो माणूस माझा अशील होता.

त्या मोसमात यावलकडच्या एका बागेत, घड भरत आलेले असताना केळीची एक आख्खी रांग कुणीतरी कापून टाकली होती. आमच्या भागात वैर काढायची ही रीतच आहे. माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याच्या केळीवर विळा चालवायचा. माझ्या लहानपणी आमच्या बागेत एकदा हे झालं होतं. वडील बांधावर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. त्यामुळे केळी कापणाऱ्याबद्दल मला माया नाही. पण काही आठवड्यांनी पोलिसांनी डोंगराखालच्या पाड्यावरचा एक मजूर उचलला, आणि माझ्या या मित्राचा फोन आला. गरीब माणूस आहे, आमच्या चर्चचा आहे, केस घेशील का? मी घेतली. जामीन झाला, आणि पुढे थोड्याच दिवसांत मित्रावर ही तक्रार आली. बागवाले नाना आमच्या ओळखीतले, त्यांनी तेव्हापासून मला लग्नकार्यात ओळख दाखवणं बंद केलं.

चौकशीच्या दिवशी मी मित्रासाठी धुळ्याला गेले. आत येऊ देणार नाहीत हे माहीत होतं. तिथे वकील लागतो तो चर्चच्या कायद्याचा जाणकार आणि बिशपांनी मान्य केलेला. मी दोन्ही नव्हे. व्हरांड्यात एका लाकडी बाकावर बसून राहिले. चौकशी करणारे फादर वयस्कर होते, सभ्य होते. मला सभ्य माणसांचा जरा जास्तच संशय येतो. आत जाण्याआधी ते स्वतः माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

"आरोपीला आम्ही शपथ देत नाही, ताई," ते म्हणाले. "गुन्हा कबूल करायची सक्ती नाही. सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष, हे आता आमच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. आणि खटला चाललाच, तर शेवटचा शब्द नेहमी त्याचा."

"शपथ आमच्याकडेही आरोपीला नसते. पण आमचं दार उघडं असतं."

"उघड्या दारातून नाव बाहेर जातं. निर्दोष सुटला तरी गेलेलं नाव परत येत नाही. तुम्ही पाहिलं असेल."

पाहिलं होतं. पण ते त्यांना कशाला सांगायचं?

"वकील तुमचा, न्याय करणारे तुमचे," मी म्हणाले. "बाहेरचं कुणीच नाही."

"तुमच्याकडे पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, या सगळ्यांचा पगार कुठून येतो?"

असं म्हणून ते हसले आणि आत गेले. दार लागलं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांनी आणलेलं पाणी मी कुंडीत ओतलं.

मित्र बाहेर आला तो होता तसाच. आत त्याला आरोप वाचून दाखवला, पुरावा काय ते सांगितलं, तुमचं म्हणणं काय विचारलं. हा म्हणाला, मी गुप्तता मोडलेली नाही. बस. पुढे विचारलं, मग ही गोष्ट बाहेर कशी गेली? हा गप्प.

धुळ्याच्या स्टँडवर चहा घेताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खरंच मोडली असेल तर? नाना चर्चच्या वसतिगृहाला उन्हाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी देत. हा त्यांच्याकडे जेवायला जात असे. अटकेच्या आधीच्या आठवड्यातही गेला होता. बोलता बोलता एखादा शब्द निसटला असेल. मी आडून आडून विचारायला लागले. त्या दिवशी नानांकडे कोण कोण होतं? बागेचा विषय निघाला होता का? त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बस लागली तुझी." मी बसमध्ये चढले. वाटेत पारोळा येईपर्यंत माझं निम्मं मत झालं होतं की यानं सांगितलं असणार.

पुढचं लिहायला अशिलाची परवानगी आहे. सवयीप्रमाणे मी ती त्याच्याकडून दोनदा घेतली.

खटला उभा राहायची वेळ आली तशी मी त्याला ऑफिसात बोलावलं. पोलिसांच्या कागदात एक विचित्र गोष्ट होती. नानांनी जबाब दिला होता की केळी कापली गेल्यानंतर हा मजूर आपणहोऊन बागेत यायचा आणि फुकट काम करायचा. मी त्याला खडसावून विचारलं, कशाला गेला होतास तिथे?  त्यानं एकदम सगळं सांगून टाकलं. नानांनी सगळ्या मजुरांदेखत त्याच्यावर विहिरीच्या मोटारीची वायर चोरल्याचा आळ घेतला होता.

"बठ्ठा मजुरेससमोर माले चोर म्हनना, अक्का. वायर मी लिधी नही व्हती."

रागाच्या भरात त्यानं रांग कापली. मग खाल्लेलं अन्न गोड लागेना, तेव्हा फादरला पाप सांगितलं.

"मंग बागमा काब्र गया तू?"

'का गेलास' हे त्याच्या बोलीत विचारलं की तो मोकळा होतो.

"माले फादरनी सांगेल व्हतं. जे तोडं, ते उभं कर. कोनले समजू देऊ नको."

केळीच्या कामात जन्म गेलेल्या माणसानं याचा जो अर्थ घ्यावा तोच त्यानं घेतला. कापलेल्या केळीच्या बुडाला पिलं, म्हणजे नवे कोंब, फुटतात. हा गेला आणि त्या पिलांना माती लावू लागला, आळी करू लागला, वाळकी पानं काढू लागला. आणि फक्त त्याच रांगेत! बाकीच्या बागेकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणाला समजू न देण्याची त्याची कल्पना एवढीच, की नाना जेवायला घरी गेले की जायचं. नाना काही दूधखुळे नव्हते. कुणी सांगायची गरजच नव्हती. प्रायश्चित्तानंच त्याला पकडून दिलं होतं.

म्हणजे माझा मित्र बहुधा निर्दोष होता. आणि ते सिद्ध करणारं एकच वाक्य माझ्या अशिलाच्या तोंडात होतं, जे उच्चारताच अशिलाचा गुन्हा कबूल झाला असता. फादरला प्रायश्चित्तसुद्धा उघड करता येत नाही, तेही त्याच गुपितात मोडतं. मी तर अशिलाच्या गुपिताला बांधलेली. मी त्याला बजावलं, हे कुणापाशी बोलायचं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तो हो म्हणाला. त्या रात्री मला फार एकटं वाटलं, हे कबूल करते.

काही दिवसांनी धुळ्याच्या त्या वयस्कर फादरांचा फोन आला. तुमचा अशील येऊन आमच्याशी बोलेल का? आमचे कागद गुप्त असतात. मी म्हणाले, तुमचे कागद उद्या कोर्ट मागवू शकतं. आपल्या कायद्यानं वकिलाचं गुपित राखलंय, नवरा-बायकोचं राखलंय, फादरचं कुठेही राखलेलं नाही. तो येणार नाही.

"मग फादरांची बाजू कोरीच राहील," ते म्हणाले.

"राहू द्या."

फोन ठेवला आणि स्वतःचाच तिटकारा आला. तरी माझं बरोबर होतं. आजही तसंच वाटतं.

त्या हिवाळ्यात मित्राची आई वारली. पाड्यावर माती द्यायची होती. मी जळगावहून गेले. यावलकडून त्याच्या चर्चची माणसं टेम्पो करून आली होती, त्यात माझा अशीलही होता. मिस्सा दुसऱ्या फादरांनी केली. मुलगा धर्मगुरू असून आईच्या पेटीपाशी साध्या शर्टात, भावांच्या रांगेत उभा राहिला. पहिल्या मुठीची प्रार्थनासुद्धा त्याला म्हणता आली नाही. बायका आपसांत कुजबुजत होत्या. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं की याचं काहीतरी बिनसलंय. दार बंद ठेवून वाचवलेलं नाव ते हेच!

माती लोटून झाली आणि माझा अशील गर्दीतून पुढे सरकला. डोळे लाल, ओठ थरथरत होते. साक्षीदार फुटायच्या आधी कसा दिसतो, ते मी जन्मभर पाहिलंय. तो बोलणार होता. सगळ्यांसमोर, खड्ड्याच्या काठावर. मी दोन माणसांना ढकलून पुढे गेले आणि त्याचा दंड धरला. घट्ट धरला. "चूप," एवढंच म्हणाले. तो लहान मुलासारखा रडायला लागला. लोकांना वाटलं, फादरच्या आईसाठी रडतोय. मी मान वर केली तेव्हा मित्र समोरून आमच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

खटला उन्हाळ्यानंतर लागला. तालुक्याचं कोर्ट, पंखा फिरतोय की नाही ते कळू नये असा. दार मात्र सताड उघडं. मागच्या बाकावर अशिलाची बायको बसली होती. नाना साक्षीला उभे राहिले.

"तुम्ही याला केळी कापताना पाहिलं?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी पाहिलं?"

"नाही. पन हा मानूस फुकट राबे माह्या बागात. फुकट कोन राबते वो वकीलबाई? आन् तेबी त्याच रांगेत?"

"फुकट काम करणं गुन्हा आहे का, नाना?"

कोर्टात हसू फुटलं. इथे मी थांबायला हवं होतं, कारण अशिलासाठी एवढं पुरेसं होतं. पण आणखी एक प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हे मी प्रत्येक ज्युनियरला शिकवते. अशिलाला त्यात फारसा धोका नव्हता. पोलिसांच्या जबाबात नसलेलं नाव नानांनी आता काढलं असतं, तर त्यांची साक्ष मी तिथेच फाडली असती. धोका होता तो धुळ्यात बसलेल्या माणसाला. अशिलाची गोष्ट ऐकूनही माझा संशय पुरता मेला नव्हता. प्रायश्चित्त दिलं हे खरं, पण त्याउपर नानांच्या ताटावर बसून हा काही बोललाच नाही, हे मला कुठे माहीत होतं? नानांनी फादरचं नाव घेतलं असतं, तर ते शपथेवर, उघड्या कोर्टात, कायमचं नोंदलं गेलं असतं.

मी विचारलं.

"यानंच केळी कापली असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? गावातल्या कुणी, बाहेरच्या कुणी?"

नाना माझ्याकडे बघून चिडले.

"कोन सांगीन मले? मले डोये नाहीत का? माह्या मनानंच आलं ते."

कोर्टानं उत्तर लिहून घेतलं. मी खाली बसले.

बाहेर आवारात अशिलाची बायको माझ्यामागे धावत आली. पदर तोंडाशी धरलेला.

"अक्का, फादरनी सांगं नही का मंग?"

"नाना काय बोलले ते ऐकलंस ना?"

ती मटकन खाली बसली. "तक्रार मीच करी व्हती. यास्नी पाप सांगं, आन मंग पोलीस उनात. माले वाटनं, फादरनीच सांगं."

इतके महिने तक्रारदार म्हणून मी नानांवर संशय घेतला होता, दुसऱ्या फादरांवर घेतला होता, वसतिगृहाच्या कमिटीवर घेतला होता. आणि निनावी तक्रार करणारा भित्रा, असं शंभर वेळा म्हटलं होतं. नवरा कोठडीत असताना हिचं नाव बाहेर फुटलं असतं, तर पाड्यावर हिला कुणी पाणी भरू दिलं नसतं. तरीही तो नियम मला आवडत नाही. फादरचं काय, त्यानं महिनोन्‌महिने प्रत्येक माणसाकडे संशयानं बघायचं? आणि हिला खरं कळलं नाही ते माझ्याच हुकमामुळे, हेही तिथेच उमजलं. मी तिला उठवलं आणि रसवंतीवर नेऊन रस पाजला.

नानांच्या साक्षीची सही-शिक्क्याची नक्कल कुणालाही मागता येते. ती काढली आणि धुळ्याला पोहोचती केली. अशिलाची बायकोही जाऊन आली, एकटी, नवऱ्याला न घेता. आत काय बोलली, मला सांगितलं नाही. मी विचारून पाहिलं, अर्थात.

अशील संशयाचा फायदा मिळून सुटला. धुळ्याची चौकशीही बंद झाली. आरोपाला आधार नाही, असं काहीसं लिहून आलं. निकाल वाचायला मला मिळाला नाही. मित्राला मिस्सेची मोकळीक मिळाली, पण नेमणूक दुसऱ्या गावी झाली. निर्दोष आहे तर बदली कशाला, असं मी चौकशीवाल्या फादरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे निर्दोष सुटलेला पोलीस त्याच ठाण्यात परत जातो का? या माणसाशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

नव्या गावी जाण्याआधी मित्र ऑफिसात आला. फादरचा झगा घालून आला होता. इकडचं तिकडचं झालं, माझ्या रक्तदाबाची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "आईच्या मातीच्या दिवशी तू एका माणसाचा दंड धरलास."

"धरला," मी म्हणाले.  मला वाटलं, आता तो विचारणार की का धरलास, आणि मला सांगता येणार नाही.

"तोवर मला वाटायचं, मी खोटं बोलत नाही हे जगात कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला झोप लागली."

 त्या दिवशीही माझा संशय पुरता मेलेला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही, आणि काही विचारलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.